जपानी आप्पे आणि बोटावरची चिंधी

जानेवारी उजाडला, की आमच्या टेंभुर्णीच्या पंचक्रोशीतील शाळांमधून आनंदनगरीची लगबग सुरू होते. (सोलापूर जिल्ह्यात याच नावाचे गाव आहे, ते वेगळे. हे आमचे जालना जिल्ह्यातले, जाफराबाद तालुक्यातले.) ज्यांच्या घरी शाळकरी मूल आहे त्यांना आनंदनगरी समजावून सांगायला नको. मुले गट करतात, घरून पीठमीठ आणतात, पदार्थ करतात, पटांगणात मांडून विकतात आणि शेवटी भांडवल वजा जाता किती उरले ते वहीत लिहितात. नफातोट्याचे गणित त्या एका दिवसात जेवढे समजते तेवढे वर्षभर फळ्यावर समजत नाही. अशा दिवशी परीक्षक म्हणून डॉक्टरला बोलावण्याची पद्धत आहे. डॉक्टरांनी चव घेतली म्हणजे पदार्थ निर्धोक, अशी एक समजूत त्यामागे असते. ती किती फोल आहे याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

गोष्ट जानेवारी २०२४ मधली. परिसरातील एका शाळेतल्या शिक्षिकेने मुलांना जपानमधील एका स्पर्धेची माहिती सांगितली होती. ‘बी-वन ग्रां प्री’ हे तिचे नाव. २००६ साली उत्तर जपानमधील हाचिनोहे या शहरात ती प्रथम भरली. गावोगावचे गट आपल्या भागातला स्वस्त, रस्त्यावर मिळणारा पदार्थ घेऊन येतात आणि तिथेच करून विकतात. खाणाऱ्याने जेवणाच्या काड्या आवडलेल्या गटाच्या नावाने टाकायच्या. त्या काड्यांच्या वजनावर निकाल लागतो. पहिल्या वर्षी फुजिनोमिया या गावाच्या ‘याकीसोबा’ने, म्हणजे परतलेल्या शेवयांनी, बाजी मारली होती.

मुलांना ही कल्पना फार आवडली. बाईंनी अट घातली, की पदार्थ जपानी धर्तीचा हवा, पण साहित्य आपल्या घरातले हवे. सहा गट झाले. काड्यांऐवजी मतासाठी चिंचोके ठरले. प्रत्येक दुकानापुढे एक डबा, ज्याचा पदार्थ आवडेल त्याच्या डब्यात चिंचोका टाकायचा. याशिवाय परीक्षकाचे गुण वेगळे.

मुलांचे डोके कुठे कुठे चालते पाहा. एका गटाने कुरडया भिजवून, त्यात कांद्याची पात आणि गाजर घालून कढईत परतल्या आणि त्याला ‘जाफराबादी याकीसोबा’ म्हटले. दुसऱ्याने मक्याच्या पिठात पत्ताकोबी चिरून घालून जाड धिरडे केले. जपानमध्ये पत्ताकोबी घातलेल्या अशा धिरड्याला ‘ओकोनोमियाकी’ म्हणतात आणि ते ओसाका-हिरोशिमाकडे घरोघरी आवडीने खाल्ले जाते. आठवीच्या मुलींनी ‘ताकोयाकी’ केली होती. हा पदार्थ १९३५ साली ओसाकातील एंडो तोमेकिची या विक्रेत्याने प्रथम केला असे मानतात. त्यात आठ पायांच्या सागरी प्राण्याचा, ऑक्टोपसचा, तुकडा असतो. त्याचे लोखंडी पात्र आपल्या आप्पेपात्राची बहीण शोभावे असेच. मुलींनी ज्वारीचे पीठ आणि रवा एकत्र करून आप्पे केले, आत वाफवलेल्या मटाराचे सारण घातले आणि वरून दूध, मैदा व लोणी यांचा घट्ट पांढरा सॉस सोडला. तीन आप्पे, दहा रुपये.

मी तीनही खाल्ले. फार छान झाले होते. आप्पे वाढणाऱ्या मुलीच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. “काय झालं गं?” असे मी विचारलेसुद्धा. “चार दिवसांमागं सराव करताना पात्र लागलं, काका,” ती म्हणाली. “कामाची पोर आहे,” असे म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्या गटाला पहिला क्रमांक दिला. तीस वर्षे मी रुग्णांच्या जखमा पाहतो आहे. पण त्या दिवशी मी डॉक्टर नव्हतो, पाहुणा होतो.

आप्पे साडेबाराच्या सुमारास खाल्ले होते. साडेतीनला पहिला मुलगा उलट्या करत दवाखान्यात आला. पाठोपाठ दोघे, मग एकदम पाच. मळमळ, पोटात मुरडा, लागोपाठ उलट्या, काहींना दोनतीन जुलाब. ताप मात्र कोणालाच नव्हता. चारच्या पुढे एका मुलाचे पोट तपासताना माझ्याच तोंडाला पाणी सुटले आणि मला मोरीकडे पळावे लागले. त्या दिवशीच्या नोंदवहीत पंधरावा रुग्ण मी स्वतः आहे.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. जपानी पदार्थ म्हटल्यावर सगळ्यांचा संशय एका शब्दावर गेला, अजिनोमोटो. पोरांनी अजिनोमोटो टाकला, म्हणून विषबाधा झाली, असे लोक छातीठोकपणे सांगू लागले. वस्तुतः मुलींनी तो वापरलाच नव्हता. पण विषय निघालाच आहे तर सांगतो. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळापासून ही चव आणणारा पदार्थ वेगळा केला. त्याचा मूळ घटक ग्लुटामेट टोमॅटोमध्ये आहे, आईच्या दुधातही आहे. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून त्याची बदनामी सुरू झाली. नंतरच्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात तो घातक असल्याचे सिद्ध झाले नाही. गाड्यावरच्या पदार्थात तो मूठमूठ टाकतात ते मला पसंत नाही, कारण त्यातून मीठ वाढते आणि शिळ्या मालाची चव झाकली जाते. परंतु तीन तासांत पंधरा जणांना उलट्या करायला लावणारा गुन्हेगार तो नव्हे.

मग गुन्हेगार कोण? रात्री पोट शांत झाल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि कोणी काय खाल्ले हे एकेकाला विचारले. घाटीत शिकत असताना आमच्या सरांनी शिकवलेली ही जुनी पद्धत आहे. आजारी पडलेल्या सर्वांनी आप्पे खाल्ले होते. पण आप्पे खाऊनही काही मुले ठणठणीत होती. उलगडा दोघा भावांनी केला. थोरल्याने सॉससकट खाल्ले, त्याला उलट्या. धाकट्याला सायीचा तिटकारा. त्याने पांढरे काही नको म्हणून कोरडेच आप्पे घेतले, तो अंगणात खेळत होता. दोष सॉसमध्ये होता. तो आदल्या रात्री आठ वाजता शिजवला होता, हाताने गुठळ्या मोडल्या होत्या आणि थंडीने थिजू नये म्हणून डबा रात्रभर चुलीच्या उबेला ठेवला होता. हात त्याच मुलीचा. चिंधीखालच्या जखमेत पू होता.

आपल्या नाकात, कातडीवर आणि विशेषतः पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. दूध, खवा, साय, शिजवलेला बटाटा असे ओलसर पदार्थ कोमट राहिले, की ते झपाट्याने वाढतात आणि वाढताना एक विष सोडतात. पदार्थाचा वास बदलत नाही, चव बदलत नाही. मुलींनी सकाळी शाळेत तो सॉस चांगला उकळून घेतला होता. उकळल्याने जंतू मेले. विष मात्र उकळीला दाद देत नाही. आपण घरोघरी म्हणतो ना, “पुन्हा एक उकळी काढली की झालं”, ते येथे लागू पडत नाही.

हे अडाणीपणामुळे घडते असेही कोणी समजू नये. २००० साली स्वच्छतेत काटेकोर समजल्या जाणाऱ्या जपानमध्येच, ओसाका भागात, एका मोठ्या दूध कंपनीचे दूध पिऊन तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले होते. कंपनीच्या दूरच्या कारखान्यात वीज गेली आणि दूध काही तास कोमट राहिले, तेवढे पुरले. पुढे तापवून त्याची भुकटी केली, जंतू गेले, विष राहिले. वीज जाणे म्हणजे काय हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

आमच्या सॉसचा नमुना तपासणीला जाऊ शकला नाही. भांडी तोवर घासून झाली होती. त्यामुळे मी म्हणतो तो अंदाजच. तरी लक्षणे, वेळ आणि त्या दोन भावांची साक्ष पाहता मला शंका नाही. आरोग्य केंद्रातील सहकाऱ्यांना त्याच संध्याकाळी कळवले. चौदा मुलांपैकी तेरा दुसऱ्या दिवशी सकाळी बरी होती. एका गटातील मुलीची चार वर्षांची बहीण मात्र डोळे खोल जाऊन मलूल झाली, लघवी होईना, म्हणून तिला रात्रीच जालन्याला पाठवावे लागले. ती परत येईपर्यंत मला झोप नव्हती.

येथे पालकांसाठी थोडे. मुलाला उलट्या सुरू झाल्या की आपल्याकडे पहिली मागणी सलाईनची असते. बहुतेकांना त्याची गरज नसते. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि मग जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्ध्या पाण्यात अर्धे पाकीट असला अंदाज करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल मलूल झाले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त आले, ताप चढला किंवा पाजलेले काहीच टिकेना, तर घरी वाट पाहू नये.

चार दिवसांनी त्या मुलीची आई दवाखान्यात आली. पोर शाळेत जात नव्हती. “डॉक्टर साहेब, माझ्या पोरीनं जहर घातलं असं लोक म्हणू राहिले,” एवढे बोलून ती माउली रडू लागली. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मुलगी कोपऱ्यात बसली होती. पहिल्या क्रमांकाचा कागद घडी करून ठेवलेला, आणि पत्र्याच्या डब्यात विक्रीचे सहाशे चाळीस रुपये जसेच्या तसे. “काका, सगळ्यांचे पैसे परत देऊ का?” तिने विचारले. मी तिला सांगितले, की चूक तुझी नव्हे. ती चिंधी मी पाहिली होती आणि मी डॉक्टर आहे. जखम धुऊन पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठात मुलांसमोर मी हेच पुन्हा सांगितले. सोपे गेले नाही.

शाळेत काहींचे म्हणणे पडले, की आनंदनगरीच बंद करावी. मी विरोध केला. मुले पदार्थ करायला शिकली नाहीत तर पुढे बाहेरचे खातील, आणि तिथे कोणाच्या बोटाला काय आहे हे कोण पाहणार? बाहेरच्या गाड्यांवरचा लालभडक रंग तर वेगळाच विषय आहे. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर आणि कापूसमिठाईतील रोडामाइन या रंगावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असेही अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगते, तेव्हा हा लेख वाचून झाल्यावर कृपया यात भजी बांधू नका.

जानेवारी २०२५ मध्ये आनंदनगरी पुन्हा भरली. या वेळी गुणपत्रिका मी तयार केली होती. शंभरांपैकी चाळीस गुण चवीला आणि कल्पकतेला, साठ गुण हातांना, पाण्याला आणि वेळेला. दूध, दही, अंडे, उकडलेला बटाटा यांचे जे असेल ते त्याच सकाळी करायचे, दोन तासांत संपवायचे, उरले तर टाकायचे. वाढायला चमचा किंवा चिमटा. ज्याच्या हाताला फोड, जखम, गळू आहे त्याने पैसे घ्यायचे, पदार्थाला हात लावायचा नाही. कुरडयांचा याकीसोबा पुन्हा आला होता आणि चिंचोकेही त्यालाच सर्वाधिक पडले.

हात तपासण्याचे काम त्या मुलीने मागून घेतले होते. फाटकापाशी साबण, तांब्या आणि बादली घेऊन ती उभी होती. दोन मुलांना तिने परत पाठवले. मग मी गेलो. तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, “काका, नखं कापून या.”