डिझेल गाडी चालू करताच रेस करताय? इंजिन तेव्हाच जास्त झिजतं!

मागच्या वर्षी ऐन द्राक्षांच्या हंगामात बाबांची पिकअप गॅरेजला लागली. गाडी ऑइल खात होती, सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. मेकॅनिकने इंजिन खोललं तर लायनर आणि रिंगा झिजलेल्या. त्याने विचारलं, "काका, सकाळी गाडी चालू केल्यावर काय करता?" बाबा म्हणाले, "थंडी असते रे, जरा रेस करून गरम करतो."

आमच्या निफाडला थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो, त्यामुळे ही सवय बऱ्याच जणांना आहे. माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीत. पण ही गोष्ट मला नीट कळली ती त्या गॅरेजमध्ये.

कोल्ड स्टार्ट म्हणजे काय?

फोनमधलं ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं की थोडा वेळ लागतो, कारण सगळं स्टोरेजमधून रॅममध्ये यावं लागतं. अँड्रॉइडमध्ये यालाही कोल्ड स्टार्टच म्हणतात. इंजिनाचंही तसंच आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि वरच्या पार्टवर फक्त पातळ थर उरतो. सकाळी सेल्फ मारला की पंपाला ते पुन्हा वर पोचवायला काही सेकंद लागतात. ॲपमध्ये फक्त वेळ जातो, इथे मात्र धातूवर धातू घासतो.

त्यात थंड ऑइल घट्ट असतं. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांपेक्षा ४० अंशांना साधारण सातपट घट्ट असतं. पहाटेच्या थंडीत तर त्याहून कितीतरी जास्त. इंजिनातलं ऑइल नीट काम करतं ते ९०-१०० अंशांच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात मुंबईत ३० अंशांना चालू केलेली गाडीसुद्धा 'थंड'च!

डिझेलमध्ये वेगळं काय?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. पण इंजिन थंड असेल तर ही उष्णता धातूच खाऊन टाकतो. मग थोडं डिझेल न जळता लायनरला चिकटतं, तिथला ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली जाऊन ऑइल पातळ करतं. हीटर प्लग असतो तो याचसाठी.

अशा वेळी रेस केली तर काय होईल? टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखापेक्षा जास्त फेरे घेऊ शकतो आणि त्याचं बेअरिंगही याच ऑइलवर चालतं.

मग करायचं काय?

१. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरची कॉइलची खूण विझू द्या, मगच सेल्फ मारा.

२. गाडी चालू झाली की अर्धा मिनिट थांबा. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका.

३. दहा-दहा मिनिटं उभी ठेवून गरम करू नका. आयडलवर डिझेल कमी जळतं, त्यामुळे इंजिन जास्त वेळ थंडच राहतं. बीएस-६ गाडीत डीपीएफमध्ये काजळीही साचते.

४. पहिले ५-६ किलोमीटर हळू चालवा, आरपीएम २००० च्या आसपास ठेवा. टेंपरेचरचा काटा कूलंटचा असतो, ऑइल त्यानंतर तापतं.

५. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं.

६. दुकान, दूध, पेट्रोल पंप अशा छोट्या फेऱ्या एकाच चकरेत उरका. प्रत्येक थंड स्टार्टची झीज वेगळी मोजली जाते.

बाबांच्या गाडीने २ लाख किलोमीटर पार केले होते, त्यामुळे सगळा दोष रेस करण्याचा नाही. पण हंगामातले १५ दिवस गाडी बंद आणि माल भाड्याच्या गाडीने, हे घरात अजून कोणी विसरलेलं नाही. आता बाबा गाडी चालू करतात, आरसे पुसतात, सीटबेल्ट लावतात आणि सावकाश निघतात. तेवढ्यात अर्धा मिनिट होतोच.