चित्रकला शिकता येते : नवशिक्यांसाठी काही पायऱ्या

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयात चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी होती आणि तो तास आमच्याकडे, म्हणजे इतिहासाच्या शिक्षकाकडे, आला. पहिल्याच तासाला आठवीतील एका विद्यार्थ्याने कोरा कागद परत केला. कारण विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, आमच्या रक्तातच चित्रकला नाही."

या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. शालेय वयात आमची वही पाहून एका शिक्षकांनी "हे तुझ्या हाताला जमायचे नाही" असे म्हटले होते आणि आम्ही ते चाळीस वर्षे खरे मानले होते. जन्मावरून माणसाची पात्रता ठरविण्याच्या रीतीने आपल्या माणसांचे किती नुकसान केले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. तीच रीत आपल्या मुलांच्या चित्रकलेच्या वहीत आपणच पाळावी, हे आम्हास पटेना. म्हणून त्या मुलाबरोबर आम्हीही पहिल्या रेषेपासून शिकावयास बसलो. त्या शिकण्यातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिली पायरी हाताची. लिहिताना आपण बोटे आणि मनगट हलवितो. त्याच सवयीने चित्र काढले, तर रेषा आखूड आणि तुटक येते. लांब रेषेसाठी पेन्सिल टोकापासून थोडी मागे, सैल धरावी आणि हात कोपरापासून, मोठ्या कागदावर तर खांद्यापासून फिरवावा. कागदावर दोन ठिपके देऊन ते जोडताना नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता दुसऱ्या ठिपक्यावर ठेवावी. हात आपोआप तिकडे जातो. या सरावाला महागडा कागद लागत नाही. आमच्या मुलांनी तो जुन्या वर्तमानपत्रांवर केला.

दुसरी पायरी आकाराची. समोरची वस्तू 'तांब्या' म्हणून पाहिली, की मनातला तांब्या कागदावर उतरतो. समोरचा राहून जातो. तीच वस्तू एक गोल, त्यावर आखूड दंडगोल आणि वर पसरट काठ अशी पाहिली, की ती काढता येते. गोल, दंडगोल, शंकू आणि घन या चार आकारांत घरातील बहुतेक वस्तूंची मांडणी बसते. आधी मधोमध एक उभी फिकी रेषा आखावी आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात. तांब्याचा काठ वर्तुळाकार असला, तरी समोरून तो लंबवर्तुळ दिसतो. तांब्या उचलून डोळ्यांच्या पातळीवर धरा: काठ सरळ रेषेसारखा दिसेल. हळूहळू खाली न्या: तो अधिकाधिक गोल होत जाईल. म्हणून जमिनीवर ठेवलेल्या पेल्याचा तळ त्याच्या काठापेक्षा अधिक वक्र काढावा लागतो. तळ ठाऊक असतो सपाट, म्हणून नवशिके तेथे सरळ रेषा मारतात. आम्हीही तसेच करीत होतो.

तिसरी पायरी मोजमापाची. हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिल वस्तूच्या दिशेने उभी धरावी. पेन्सिलीचे टोक वस्तूच्या माथ्याशी जुळवून तळाच्या जागी अंगठा ठेवावा. ही झाली दिसणारी उंची. मग पेन्सिल आडवी करून ती उंची रुंदीच्या किती पट आहे, ते पाहावे. कागदावर हेच प्रमाण राखले, की चित्र लहान असो वा मोठे, वस्तू ओळखू येते. कोपर वाकले, तर पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर बदलते आणि माप चुकते. म्हणून हात ताठ हवा.

चौथी पायरी छायाप्रकाशाची. वस्तू खिडकीजवळ ठेवावी आणि उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा. डोळे किंचित मिटून पाहिले, की बारीक तपशील मावळतात आणि उजळ भाग, मधली छटा, गडद छाया व जमिनीवरील पडछाया असे भाग वेगळे होतात. नीट पाहिले, तर गडद छायेच्या कडेलाही थोडा उजेड आढळतो. तो जमिनीवरून किंवा भिंतीवरून परत आलेला प्रकाश असतो, आणि तो दाखविला, की गोलाई येते. आखणीसाठी एचबी, मधल्या छटेसाठी २बी आणि गडद भागासाठी ४बी किंवा ६बी पेन्सिल पुरे. 'बी'पुढचा अंक जितका मोठा, तितके शिसे मऊ आणि काळे.

पाचवी पायरी यथार्थदर्शनाची. वसतिगृहाच्या लांब व्हरांड्यात उभे राहिले, तर फरशीच्या आणि छताच्या कडा दूर एका बिंदूकडे धावताना दिसतात. तो लोपबिंदू आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. त्या पातळीखालच्या रेषा वर चढत आणि वरच्या रेषा खाली उतरत त्याच्याकडे जातात. खाली बसले, की बिंदूही खाली येतो. मुलांना उभे करून आणि बसवून हे दाखविले, तेव्हा फळ्यावरील आकृतीपेक्षा ते लवकर उमगले.

खोडरबराविषयीही सांगितले पाहिजे. नवशिका चूक दिसताच खोडतो आणि पुन्हा तीच चूक काढतो. फिकी चुकलेली रेषा तशीच राहू द्यावी, तिच्या शेजारी दुरुस्त रेषा काढावी आणि मगच पहिली पुसावी. चूक समोर असली, की किती सरकायचे, ते कळते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक दाखला द्यावासा वाटतो. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत कातळावर माती आणि भुसा-तंतूंचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, तांबड्या रंगाने बाह्यरेषा आखल्या आणि मग रंग भरले. इतका शिस्तबद्ध क्रम पिढ्यानपिढ्यांच्या शिकण्याशिकविण्यातूनच येतो. त्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचा सराव मात्र भिंतीवर दिसतो. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे राहून त्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. तेथेही विद्यार्थी शिकले, ते पाहून, मोजून आणि पुन्हा पुन्हा काढून.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट रेखाकला परीक्षा आपल्या मुलांना याच वाटेने नेतात, आणि इंटरमीजिएटच्या श्रेणीचे अतिरिक्त गुण दहावीच्या निकालातही उपयोगी पडतात. कोरा कागद परत करणारा तो विद्यार्थी पुढे एलिमेंटरीला बसला. त्याला 'क' श्रेणी मिळाली. निकाल सांगावयास आला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, इंटरमीजिएटला छाया सुधारतो." रक्ताचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी घरातील तांब्या खिडकीजवळ ठेवा आणि मुलाशेजारी स्वतःही कागद घेऊन बसा. आपले चित्र वाकडे आले, तरी ते लपवू नका. मोठी माणसेही चुकतात आणि पुन्हा काढतात, हे मुलाला दिसू द्या.