गाडी घ्या, पण पाठीला विचारून!

गाडी घ्यायचं ठरलं की आपण कोणाकोणाला विचारतो? ऑफिसातल्या गाडीवेड्या मित्राला, ओळखीच्या गॅरेजवाल्याला, 'डिझेलच घे गं' म्हणणाऱ्या मामाला, इंटरनेटला आणि हप्ते भरायचेत म्हणून बँकेलाही! मायलेज किती, रीसेल किती, सनरूफ आहे का, टचस्क्रीन किती इंची... प्रश्नांची यादी मारुतीच्या शेपटीसारखी लांबतच जाते. पण रोज दोन-दोन तास त्या सीटवर जिला बसायचंय, त्या आपल्या पाठीला मात्र कोणी काही विचारत नाही.

मला विचारावं लागलं. वय अठ्ठावीस, कंबरेतली एक चकती जरा बाहेर सरकलेली आणि डॉक्टरांचा सरळ हुकूम, "टू-व्हीलर बंद." पुणेकराला टू-व्हीलर बंद म्हणजे माशाला पाणी बंद! त्यात मी फ्रीलान्स पत्रकार. आज चाकण, उद्या सातारा. फिरलं नाही तर बिल नाही, बिल नाही तर भाडं नाही. रोजची कॅब परवडत नाही आणि बसमध्ये उभं राहिलं की पंधरा मिनिटांत डाव्या पायात मुंग्या. त्यामुळे गाडी ही माझी चैन नव्हतीच. बजेट आठ लाख, त्यातले सहा कर्जाचे, पाच वर्षांचे हप्ते. निवड चुकली तर ती पाच वर्षं रोज टोचणार होती. अगदी शब्दशः!

मग मी तीन महिने घेतले आणि नऊ गाड्यांमध्ये बसून पाहिलं.

बसल्यावर होतं तरी काय?

उभं असताना आपल्या कंबरेला आत वळलेला एक नैसर्गिक बाक असतो. खुर्चीत पोक काढून बसलो की तो बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार बदलतो. आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञाने १९६० च्या दशकात हा दाब थेट जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. पुढच्या काळातल्या मोजमापांनी हे चित्र थोडं सौम्य केलं, पण एक गोष्ट टिकून राहिली. पाठ थोडी मागे रेललेली असेल आणि कंबरेला आधार असेल, तर दाब कमी होतो.

मग ऑफिसच्या खुर्चीत आणि गाडीत फरक काय? गाडी हलते! सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणारी वर-खाली थरथर आपल्या कण्याला सगळ्यात जास्त जाणवते, कारण बसलेल्या माणसाचं धड त्याच गतीला आपणहून डोलायला लागतं. खडबडीत रस्त्यावर गाडीकडून नेमकी हीच थरथर मिळते. त्यात एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर. उठून पाय मोकळे करायची सोयही नाही. आता बोला!

शोरूममधली गाडी आणि बजेटमधली गाडी

शोरूममध्ये गेलं की आधी डोळ्यांना खूश केलं जातं. एका ठिकाणी तर सेल्समनने पंधरा मिनिटं मला सनरूफ उघडून आणि बंद करून दाखवलं. मी म्हटलं, "दादा, सीटची उंची कुठून बदलते?" तेव्हा कळलं, की ती सोय 'या व्हेरिएंटमध्ये नाही मॅडम, वरच्यात आहे.'

मुद्दा इथेच आहे. पाठीच्या कामाच्या बऱ्याच गोष्टी बेस मॉडेलमध्ये नसतात आणि शोरूममध्ये मांडलेली गाडी बहुतेकदा टॉप मॉडेल असते. म्हणून ज्या व्हेरिएंटचे पैसे देणार आहात, नेमक्या त्याच गाडीत बसायचा हट्ट धरा. सीट खाली-वर होते का? स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं की पुढे-मागेही? हे दुसरं नसेल तर होतं काय, की पाय पेडलला पुरावेत म्हणून सीट पुढे घेतली की स्टिअरिंग छातीशी येतं, आणि मागे घेतली की हात ताणून पाठ सीटवरून सुटते. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, एअरबॅगसाठीही ते गरजेचं आहे.

आणि हो, 'सगळ्यात आरामदायी गाडी कोणती' या प्रश्नाला उत्तरच नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच. माझा फोटोग्राफर मित्र पूर्ण सहा फुटी. ज्या गाडीत मला सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं, त्याच गाडीत त्याच्या मांड्या अर्ध्याअधिक हवेत होत्या, कारण सीटची बैठक त्याच्यासाठी आखूड होती. त्याला आवडलेल्या गाडीत बैठकीची कड माझ्या गुडघ्यामागे रुतत होती. तेव्हा मित्राच्या पाठीवर विसंबून गाडी घेऊ नका!

खाली वाकायचं नाही, वर चढायचं नाही

पाठदुखीवाल्यांची खरी परीक्षा दारात होते. सेडान दिसते झकास, पण तिच्यात शिरताना आपण कंबरेतून वाकून जवळजवळ पडतोच, आणि उतरताना स्वतःला विहिरीतून ओढून काढल्यासारखं वर घ्यावं लागतं. मोठ्या एसयूव्हीत उलटं. एक पाय वर टाकून अंग पिळत चढायचं. मला सोपी गेली ती मधली उंची. गाडीशेजारी उभं राहिलं की सीट साधारण आपल्या ढुंगणाच्या पातळीवर यावी, म्हणजे नुसतं मागे टेकायचं आणि बसायचं. १९९८ मध्ये सँट्रो आणि १९९९ मध्ये वॅगन आर आली, तेव्हा त्या उंच डब्यांना लोक हसले होते. पण घरोघरच्या आजी-आजोबांना त्या का आवडल्या, हे मला आता कळतंय!

क्लच नावाचा खलनायक

चांदणी चौक ते हिंजवडी, संध्याकाळी सहा वाजता. क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा... प्रत्येक वेळी डावा पाय ढकलताना कंबरेचा खालचा भाग सीटवर रेटला जातो. कळ डाव्या पायात उतरत असेल तर हे दुखणं वेगळं सांगायला नको. म्हणून माझ्या यादीतून मॅन्युअल गाड्या पहिल्याच आठवड्यात बाद झाल्या.

सुदैवाने ऑटोमॅटिक ही आता फक्त श्रीमंतांची चीज राहिलेली नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी गिअरबॉक्स आपल्याकडे छोट्या गाडीत आला आणि क्लचपासून सुटका स्वस्त झाली. एएमटीमध्ये गिअर बदलताना मान किंचित डुलते. सीव्हीटी त्याहून मऊ चालतो, पण किंमतही जास्त. इलेक्ट्रिक गाडीत तर क्लचही नाही आणि इंजिनाची थरथरही नाही. फक्त मागच्या सीटवर बसून बघा. काही मॉडेल्समध्ये बॅटरीमुळे जमीन उंच होते, गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. आई-बाबा मागे बसणार असतील तर हे आधी तपासा.

टायरवरचे आकडे वाचा

अलॉय व्हील जितकं मोठं, गाडी तितकी देखणी. पण पाठीचं काय? टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. त्याऐवजी १९५/५५ आर १६ घेतला तर तीच भिंत १०७ मिलिमीटरची होते. खड्डा तोच, पण त्याला झेलणारी हवेची उशी सव्वा सेंटीमीटरने पातळ! वरच्या व्हेरिएंटमध्ये कधीकधी नेमकं हेच होतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे चांगला ऐसपैस असतो. आपल्या सोसायटीच्या गेटवरचा मात्र आडवा टाकलेला ओंडकाच! गाडी त्याच्यावरून न्या. एका शोरूमने मला 'दोन किलोमीटरच्या वर जाता येणार नाही' असं सांगितलं. मी थँक्यू म्हणून निघाले. दुसऱ्याने पाऊण तास दिला. पाठ अनेकदा पहिल्या दहा मिनिटांत नाही, तिसाव्या मिनिटाला बोलते.

शेवटी घेतली कोणती? उंच बसायची हॅचबॅक, मधला व्हेरिएंट, एएमटी, छोटी चाकं. सनरूफ नाही, आणि मामाचं डिझेलही नाही. दुखणं गेलं का? नाही. गाडी हे औषध नव्हे, व्यायाम रोज करावाच लागतो. पण महिन्यातून दोनदा सातारा होतं, वाटेत एकदा थांबून. कामं सुरू आहेत आणि हप्ते वेळेवर जातात.

टेस्ट ड्राइव्हला जाताना...

- पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. एका बाजूने उंच बसलात तर चांगली सीटही वाईट वाटेल.
- ढुंगण अगदी मागे टेकवा. पाठ ९० अंशांत ताठ नको, १०० ते ११० अंश रेललेली बरी. गुडघे कंबरेपेक्षा वर नकोत.
- बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटांची जागा हवी.
- कंबरेचा आधार नसेल तर छोटा टॉवेल गुंडाळून बाकात ठेवा. तेवढ्याने बरं वाटलं, तर गाडी लगेच बाद करू नका.
- आत जाताना आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. उतरताना उलटं. हे पाच वेळा करून बघा.
- परतल्यावर लगेच होकार देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ काय म्हणते ते ऐका.
- पायात अशक्तपणा वाढत असेल, जांघेजवळ बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर शोरूम सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.