ऐकण्याचा खर्च

टेलॉस-बी या बिनतारी संवेदक नोडचे सर्किट बोर्ड दोन पेन्सिल सेलच्या जागेत मावते. सेल आणि बोर्ड यांच्यामध्ये छोटा रेझिस्टर जोडायचा, त्याच्या टोकांना ऑसिलोस्कोपचे प्रोब लावायचे आणि पडद्यावरची रेघ वाचायची. संशोधक म्हणून माझा बराच वेळ या रेघेसमोर जातो. नोड झोपलेला असतो तेव्हा ती तळाला चिकटते. तेव्हाचा प्रवाह इतका कमी, काही मायक्रोअँपिअर, की तो वेगळा मोजावा लागतो. तापमान टिपायला मायक्रोकंट्रोलर उठला की बारीक उंचवटा येतो. रेडिओ सुरू झाला की रेघ एकदम वीस मिलिअँपिअरच्या आसपास चढते.

नवे विद्यार्थी आधी संदेश पाठवण्याचा खर्च कमी करायला बघतात. पण या नोडवरची सीसी२४२० चिप पूर्ण शक्तीने संदेश पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. कोणी बोलत नसताना नुसते कान देऊन बसणे हीच मोठी उधळपट्टी आहे. २,५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल सततच्या ऐकण्याने पाच-सव्वापाच दिवसांत संपतात. रेडिओ एक टक्का वेळच जागा ठेवला, तर हिशेबाने ते वर्षभराहून जास्त पुरतात.

मात्र निरोप पोहोचायचा तर दोन नोड एकाच वेळी जागे हवेत. त्यांच्या घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. उन्हातला आणि सावलीतला नोड तर वेगवेगळ्या गतीने चालतात. म्हणून घड्याळे पुन्हापुन्हा जुळवावी लागतात आणि थोडे आधी उठावे लागते. त्या 'थोडे आधी'तली प्रत्येक मिलिसेकंद कमी करण्यात आमची खरी मेहनत असते.

ही काटकसर कशासाठी? २००२ साली अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांत असे नोड ठेवले होते. माणसाच्या वावराने घरट्यातले पक्षी बिथरतात. अशा ठिकाणी सेल बदलायला जाणे म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच त्रास देणे.

शिवाय ओझे सारखे वाटले जात नाही. निरोप नोडानोडाने पुढे सरकतो, तेव्हा माहिती गोळा करणाऱ्या केंद्राजवळच्या नोडांना सगळ्यांचे निरोप वाहावे लागतात. ते आधी संपतात आणि पलीकडचे जिवंत नोड मुके होतात. २००० साली एमआयटीतल्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी मांडलेल्या 'लीच' पद्धतीत नोडांचे गट असतात आणि गटाचे निरोप केंद्राला पाठवणाऱ्या गटप्रमुखाचे काम पाळीपाळीने फिरते. प्रत्येक नोडचा आवाज थेट केंद्रापर्यंत पोहोचतो, हे तिचे गृहीतक मोठ्या रानात टिकत नाही; पण पाळीचा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

म्हणून नेटवर्कचे सरासरी आयुष्य सांगून मी थांबत नाही. सर्वांत जास्त ओझे वाहणारा नोड किती दिवस टिकला, हे आधी विचारायला हवे. पलीकडच्या सगळ्यांचे बोलणे त्याच्यावर अवलंबून असते.