घोडेस्वाराच्या ‘निष्काळजीपणा’चा न्याय कसा होतो? शर्यतीच्या मैदानावरील चौकशीची प्रक्रिया

गार्डन रीच (कोलकाता) : हुगळीच्या पूर्व काठावरील गार्डन रीच आज जहाजबांधणी कारखाना, गोदी आणि मटियाबुर्जची शिंपी वस्ती यांमुळे ओळखले जाते. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी आयुष्याची अखेरची तीन दशके याच परिसरात काढली. मात्र नदीच्या खालच्या अंगाला, गार्डन रीचच्या पलीकडे असलेल्या आक्रा या ठिकाणाची एक नोंद त्याहूनही जुनी आहे. कोलकात्यातील पहिल्या संघटित घोड्यांच्या शर्यती १६ जानेवारी १७६९ रोजी तेथे झाल्या. आक्र्याचा मार्ग अरुंद, ओबडधोबड आणि तात्पुरत्या स्वरूपाचा होता. १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेल्या लॉर्ड वेलस्ली यांचा शर्यतींना आणि जुगाराला विरोध होता.  पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या शहराच्या मैदानावर, आजच्या जागी सुरू झाल्या आणि १८४७ मध्ये कलकत्ता टर्फ क्लबची स्थापना झाली. हाच क्लब आता रॉयल कलकत्ता टर्फ क्लब या नावाने ओळखला जातो.

अडीच शतकांत मार्ग रुंद झाला, कॅमेरे आले, नियमांची पुस्तके जाड झाली. तरीही एक प्रश्न आक्र्याच्या काळाइतकाच जुना आहे. धावता घोडा दुसऱ्याच्या वाटेत आला, तर दोष कोणाचा? घोड्याचा, घोडेस्वाराचा की केवळ योगायोगाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शर्यतीनंतर बंद खोलीत जी सुनावणी होते, तिला घोडेस्वाराची उपजीविका, मालकाचे बक्षीस, प्रेक्षकांचे पैसे आणि इतर घोडेस्वारांचा जीव अशा चार गोष्टी बांधलेल्या असतात.

सेकंदाच्या सातव्या भागातील चूक

शर्यतीचा घोडा साधारण ४५० ते ५०० किलो वजनाचा असतो. त्याच्या पाठीवरील घोडेस्वाराचे वजन ५० ते ६० किलोच्या आसपास. ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावणारा घोडा एका सेकंदात १६ ते १७ मीटर अंतर कापतो. शर्यतीतील अंतर ज्या ‘लांबी’त मोजतात, ती साधारण अडीच मीटरची असते. म्हणजे एक लांबी ओलांडायला घोड्याला सेकंदाचा सहावा किंवा सातवा भाग पुरतो.

पुढचा घोडा पुरेसे अंतर न राखता आतल्या कठड्याकडे सरकला, तर मागच्याचे पुढचे पाय त्याच्या मागच्या खुरांना अडकू शकतात. तसे झाले तर मागचा घोडा कोसळतो आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना वळायला वेळ उरत नाही. घोडेस्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर संरक्षक जाकीट असते, शर्यतीच्या मागोमाग रुग्णवाहिकाही धावते. पण या साऱ्या अपघातानंतरच्या तरतुदी आहेत. अपघात घडू नये यासाठीची तरतूद म्हणजे दुसऱ्याची वाट न अडवण्याचा नियम आणि तो मोडणाऱ्याची चौकशी.

हेतू नव्हे, दक्षता

भारतातील टर्फ क्लबांच्या नियमावल्या मुख्यतः ब्रिटिश जॉकी क्लबच्या नियमांच्या साच्यावर बेतलेल्या आहेत. जगभरच्या अशा नियमावल्यांत अडथळ्याच्या घटनांची साधारण चढती भाजणी असते. घोडेस्वाराला टाळता आलाच नसता असा अडथळा अपघाती मानला जातो. वाजवी दक्षता घेतली असती तर टळला असता, पण अंदाज चुकल्याने किंवा लक्ष न राहिल्याने घडला, तो निष्काळजीपणाचा. परिणामांची पर्वा न करता किंवा जाणूनबुजून केलेला अडथळा त्याहून गंभीर, आणि इतरांचा जीव उघडपणे धोक्यात घालणारी घोडेस्वारी सर्वांत गंभीर.

निष्काळजीपणाच्या आरोपात हेतू सिद्ध करावा लागत नाही. ‘मी मुद्दाम केले नाही’ हा बचाव त्यामुळे अपुरा ठरतो. घोडेस्वाराने मुद्दाम केले, असे कोणी म्हटलेलेच नसते. त्या क्षणी एखाद्या सक्षम घोडेस्वाराने जे केले असते ते याने केले का, एवढेच पाहिले जाते.

हेतूचे प्रकरण वेगळे कसे असते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये सँ-क्लू येथील शर्यतीत नामवंत घोडेस्वार क्रिस्तोफ सुमियों यांनी शेजारून धावणाऱ्या रोसा रायन यांना कोपराने ढकलले आणि रायन घोड्यावरून खाली पडले. सुमियों यांच्यावर ६० दिवसांची बंदी घालण्यात आली. केवळ निष्काळजीपणाच्या प्रकरणांत शिक्षा सहसा काही दिवसांची असते.

दोन प्रश्न, दोन निर्णय

चौकशी दोन प्रकारे सुरू होते. अडथळा झालेल्या घोड्याच्या वतीने आक्षेप नोंदवला जातो किंवा शर्यतीवर देखरेख ठेवणारे स्टुअर्ड स्वतःहून चौकशी जाहीर करतात. ती पूर्ण होऊन निकाल पक्का होईपर्यंत जिंकलेल्या तिकिटावर पैसे मिळत नाहीत. त्यामुळे महालक्ष्मी असो, पुणे असो वा कोलकाता, चौकशीची घोषणा होताच तिकीट फाडून न टाकण्याचा सल्ला जुने जाणकार नवख्यांना देतात.

या वेळी स्टुअर्डांसमोर प्रत्यक्षात दोन स्वतंत्र प्रश्न असतात. पहिला प्रश्न निकालाचा आहे : अडथळ्यामुळे घोड्यांचे क्रमांक बदलले का? दुसरा घोडेस्वाराचा : त्याने नियम मोडला का? दोहोंची उत्तरे एकसारखी असतीलच असे नाही. घोडेस्वार दोषी ठरूनही निकाल कायम राहू शकतो आणि घोडेस्वार निर्दोष असूनही त्याचा घोडा खालच्या क्रमांकावर जाऊ शकतो.

निकालाच्या प्रश्नावर जगात दोन विचारप्रवाह आहेत. पहिल्यानुसार, अडथळा झाला नसता तर पीडित घोडा दोषी घोड्याच्या पुढे पोहोचला असता, अशी खात्री पटली तरच क्रमांक बदलतात. जपानने २०१३ मध्ये आणि फ्रान्सने २०१८ मध्ये हा मार्ग स्वीकारला. दुसऱ्यानुसार, अडथळ्याने कोणाची संधी हिरावली गेली एवढे दिसले, तरी दोषी घोडा पीडित घोड्याच्या मागे टाकला जातो. अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे.

दुसऱ्या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ४ मे २०१९ रोजीच्या केंटकी डर्बीचे. ‘मॅक्झिमम सिक्युरिटी’ हा घोडा पहिला आला, पण वळणावर त्याने इतरांची वाट अडवल्याचा आक्षेप आला. सुमारे २२ मिनिटांच्या पाहणीनंतर त्याला १७व्या क्रमांकावर टाकण्यात आले आणि एकास ६५ असा भाव असलेला ‘कंट्री हाउस’ विजेता ठरला. शर्यतीतील अडथळ्यावरून पहिल्या आलेल्या घोड्याचे विजेतेपद जाण्याची त्या डर्बीच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ होती. घोडेस्वार लुईस साएझ यांच्यावरील १५ दिवसांच्या निलंबनाचा आदेश मात्र त्या दिवशी नव्हे, नंतर स्वतंत्रपणे निघाला.

बंद खोलीत काय पाहिले जाते

सुनावणीचा मुख्य साक्षीदार चित्रफीत असते. बाजूने टिपलेल्या दृश्यात घोड्यांमधील पुढचे-मागचे अंतर कळते. ते आडवे किती सरकले हे मात्र समोरून किंवा मागून टिपलेल्या दृश्यातच दिसते. प्रेक्षकांना बाजूने निर्दोष वाटलेली धाव समोरच्या कॅमेऱ्यात वेगळी दिसते, ती यामुळेच.

चित्रफीत पाहताना काही ठरावीक गोष्टी तपासल्या जातात. घोडा कोणत्या क्षणी सरळ रेषेतून हलला? चाबूक कोणत्या हातात होता? उजव्या हातातील चाबकाचा फटका बसला की घोडा बहुधा डावीकडे झुकतो. घोडा झुकू लागताच घोडेस्वाराने चाबूक थांबवून लगाम आवरला, की जिंकण्याच्या ओढीने फटके सुरूच ठेवले? अनेक प्रकरणांचा निकाल या एका मुद्द्यावर लागतो. घोडा थकव्याने किंवा बुजून झुकला, हे मान्य होऊ शकते. तो झुकत असताना त्याला आणखी पिटाळले, हे मान्य होणे कठीण.

दुसरी बाजूही तपासली जाते. तक्रार करणाऱ्याला खरोखर वाट होती का, की नसलेल्या फटीत त्याने घोडा घातला? त्याचा घोडा आधीच मागे पडत होता का? दोन्ही घोडेस्वारांना चित्रफीत दाखवून बोलण्याची संधी दिली जाते. येथे फौजदारी खटल्याइतक्या निःसंशय पुराव्याची अपेक्षा नसते. काय घडले असण्याची शक्यता अधिक, यावर निष्कर्ष निघतो.

शिक्षेचे वजन

निष्काळजीपणाची शिक्षा ठरावीक दिवसांच्या निलंबनाची किंवा दंडाची असते. वरवर ती किरकोळ वाटते. परंतु घोडेस्वाराला ठरलेला मेहनताना प्रत्यक्ष शर्यतीत उतरल्यावरच मिळतो आणि बक्षिसातील हिस्सा घोडा जिंकला किंवा वरच्या क्रमांकावर आला तरच. निलंबनाच्या काळात त्याच्या वाट्याचे घोडे दुसऱ्याकडे जातात आणि त्यांपैकी एखादा जिंकला, तर तो परत मिळेलच याची हमी नसते. शिवाय भारतातील टर्फ क्लब एकमेकांच्या शिक्षा मान्य करतात. कोलकात्यात निलंबित झालेल्याला त्या काळात मुंबईत, बंगळुरूत किंवा हैदराबादेत उतरता येत नाही.

हे वजन मोठ्या घोडेस्वारांनाही चुकत नाही. जून २०२३ मध्ये रॉयल अ‍ॅस्कॉटच्या पहिल्याच दिवशी क्वीन अ‍ॅन स्टेक्समध्ये फ्रँकी डेटोरी यांची घोडी ‘इन्स्पायरल’ दुसरी आली. तिचा क्रमांक कायम राहिला, पण निष्काळजी घोडेस्वारीबद्दल डेटोरी यांना नऊ दिवसांची बंदी झाली. त्यांनी अपील केले. ते फेटाळले गेले. परिणामी जुलैमधील मानाच्या एक्लिप्स स्टेक्सला ते मुकले. निकाल आणि घोडेस्वार यांचे निर्णय वेगवेगळे कसे असतात, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

क्लब खासगी, परिणाम सार्वजनिक

टर्फ क्लब ही सरकारी खाती नव्हेत. मग त्यांच्या चौकशीला न्यायाची बंधने किती? क्लबच्या परवान्याशिवाय हा व्यवसायच करता येत नसेल, तर त्याचा अधिकार मनमानीने वापरता येणार नाही, हा विचार १९६६ मध्ये ब्रिटनमधील फ्लॉरेन्स नेगल यांच्या प्रकरणात पुढे आला. केवळ स्त्री असल्याने जॉकी क्लब त्यांना प्रशिक्षकाचा परवाना नाकारत होता; अपील न्यायालयाने त्यांचा दावा ऐकण्याजोगा ठरवला आणि क्लबला नमते घ्यावे लागले.

अपिलाने मूळ सुनावणीतील त्रुटी भरून निघते का, हा प्रश्नही शर्यतीच्या मैदानातूनच आला. १९७६ मध्ये सिडनीच्या रँडविक मैदानावरील एका धावेवरून एका घोड्याच्या सहमालकाला वर्षभरासाठी अपात्र ठरवण्यात आले. हे ‘कॅल्व्हिन विरुद्ध कार’ प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. अपिलात संपूर्ण प्रकरण नव्याने आणि न्याय्य रीतीने ऐकले गेले असेल, तर आधीची उणीव प्रत्येक वेळी निर्णय रद्द करण्यास पुरेशी नाही, असे मत १९७९ मध्ये नोंदवले गेले.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा विचार १९८६ मध्ये केला, तो घोडेस्वाराच्या नव्हे तर सनदी लेखापालांच्या प्रकरणात. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एल. के. रत्ना प्रकरणात न्यायालयाने अधिक सावध भूमिका घेतली. व्यावसायिकाला गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवणारा निष्कर्ष निघताच त्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो आणि पुढे अपिलात सुटका झाली तरी तो पूर्ण भरून निघत नाही. म्हणून पहिल्याच टप्प्यावर बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. परवान्यावर जगणाऱ्या घोडेस्वारालाही हा युक्तिवाद तितकाच लागू पडतो.

मैदानावरील निर्णयात मात्र न्यायालये सहसा हात घालत नाहीत. ‘मॅक्झिमम सिक्युरिटी’च्या मालकांचा दावा अमेरिकेतील संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. पहिला कोण आला हे स्टुअर्डांनीच ठरवायचे, हे तत्त्व त्यातून पुन्हा पक्के झाले.

घाई कोठे चालते

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. कौशल्याच्या खेळात घोडेस्वाराकडून दक्षतेची अपेक्षा ठेवणे रास्तच आहे. त्याचबरोबर, त्या कौशल्यावर ज्याचे पोट आहे त्याला दोषी ठरवण्यापूर्वी ऐकून घेणेही तितकेच रास्त.

निकालाला वेळेची मर्यादा असते. पुढची शर्यत अर्ध्या तासावर आलेली असते, खिडकीवर रांगा लागलेल्या असतात आणि काही मिनिटांत उत्तर द्यावेच लागते. घोडेस्वाराच्या दोषाला तशी घाई नाही. त्याची सुनावणी दुसऱ्या दिवशी, सर्व बाजूंच्या चित्रफिती शांतपणे पाहून, आरोप नेमका सांगून आणि कारणे लेखी देऊन होऊ शकते. हे दोन निर्णय वेगळे ठेवले, तर प्रेक्षकाला त्याचे पैसे वेळेवर मिळतात, मागून धावणाऱ्याचा जीव राखला जातो आणि पुढच्या शर्यतीला मुकणाऱ्या घोडेस्वाराला आपण नेमके कोठे चुकलो, हे तरी कळते.