भीती खाली उतरते, राग वर चढतो

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंपानं किल्लारी हादरली. आदल्या दिवशीच गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. जी वाचली त्यांतली कितीतरी पुढं बराच काळ दगडी माळवदाखाली पाठ टेकायला धजावली नाहीत. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज यायला लागले, मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडचा ४.५ रिश्टरचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला, आणि दोन्ही वेळा लोक घराबाहेर आले. अशा वेळी अंगाचं काय होतं हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. पोटात गोळा आला, हातपाय गळाले, गुडघ्यातलं बळ गेलं, लघवी आवरेना. जे काही होतं ते छातीकडून खालीच जातं.

चिनी वैद्यकानं नेमकी ही दिशाच पकडली. ‘ह्वांगदी नेइचिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या लेखी शरीरात ‘छी’ नावाची एक चैतन्यशक्ती ठरावीक वाटांनी फिरत असते आणि भावना म्हणजे त्या छीची हालचाल. राग आला की छी वर उसळते, म्हणून तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. भीतीनं ती खाली जाते. दुःखात ती विरते, श्वास उथळ होतो, आवाज बारीक होतो. एकाएकी दचकलं तर सैरभैर होते. आनंदात ती सैलावते. अती आनंदही तिथं रोगाच्या कारणांत मोडतो. आणि सतत विचार केला की छीला गाठ बसते.

या गाठीसाठी उदाहरण शोधायला लातूरबाहेर जायला नको. नीटच्या तयारीला आलेला, खोलीवर राहणारा मुलगा डब्यातली अर्धी पोळी तशीच परत पाठवतो, पोट सदा फुगलेलं, खाल्लं तर जड वाटतं. चिनी वैद्य म्हणेल, चिंतेनं प्लीहा बिघडली. इथंच आपला गोंधळ उडतो. ही प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी प्लीहा नव्हे. त्यांच्याकडं प्लीहा म्हणजे अन्न पचवून त्याची ताकद करण्याचं सगळं काम. तसंच यकृत म्हणजे छी मोकळी वाहती ठेवण्याचं काम, आणि रागाचं घर तिथं. दुःख फुप्फुसात, आनंद हृदयात, भीती मूत्रपिंडात. मूत्रपिंडाच्या खात्यात कंबर, गुडघे, हाडं, कान आणि माणसाची जिद्दही येते. त्यामुळं ॲक्युपंक्चरवाल्यानं ‘तुमची किडनी कमजोर आहे’ म्हटलं म्हणून घाबरून क्रिएटिनिन तपासायला धावू नये. मात्र उपचार करणाऱ्यानंही असं अर्धवट बोलून पेशंटच्या भीतीत भर घालू नये.

प्रत्यक्षात काय करतात? भीती वाटते एवढ्यावर भागत नाही. झोप कधी मोडते, कंबर दुखते का, कानात आवाज येतो का, तळपाय गार पडतात का, असं विचारत जातात. जीभ बघतात. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहतात. तापट माणसाची नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते असं त्यांचं म्हणणं. मग सुया टोचायचे बिंदू ठरतात. जुन्या भीतीसाठी ‘थायशी’ हा नेहमीचा. आतल्या घोट्याचं टोक आणि टाचेमागची जाड शीर यांच्यामध्ये बोट फिरवलं की एक खळगा लागतो, तोच हा. जोडीला मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूचा ‘शेनमन’, हृदयाच्या वाटेवरचा. राग दाबून ठेवणाऱ्याला पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या हाडांमधला ‘थायछोंग’. अंतर मोजायला पट्टी नसते. माप पेशंटच्याच अंगठ्याच्या रुंदीचं, म्हणजे धिप्पाड माणसाचा बिंदू घडीपासून लांब आणि लहान मुलाचा जवळ. सुई पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. आत गेल्यावर ती हलकेच फिरवतात, तेव्हा टोचल्यासारखं दुखत नाही, तर तिथं जडपणा येतो, मुंग्या येतात, आतून ठसठसतं. छी आली, असं समजून सुया वीस-तीस मिनिटं तशाच ठेवतात.

पण भीतीवरचा चिनी वैद्यकातला मला सर्वांत पटलेला उपचार सुईचा नाहीच. बाराव्या-तेराव्या शतकात चांग त्सीहे नावाचा वैद्य होऊन गेला. एक बाई मुक्कामाला सराईत असताना रात्री दरोडा पडला आणि ती दचकून पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून जरा खुट्ट झालं की तिची शुद्ध जायची. घरातली माणसं चवड्यांवर चालायची. वर्षभर औषधं झाली, गुण नाही. चांगनं तिला उंच खुर्चीवर बसवलं, दोन दासींना हात धरायला लावले, समोर छोटं टेबल मांडलं आणि लाकडानं त्यावर जोरात हाणलं. बाई दचकली. तो म्हणाला, मी लाकूड टेबलावर मारतोय, त्यात दचकायचं काय? थोडं थांबून पुन्हा. मग काठी दारावर. मग पाठीमागच्या खिडकीवर कुणीतरी खरवडलं. बाई हळूहळू शांत झाली, हसली. त्या रात्री माणूस लावून रात्रभर दारंखिडक्या वाजवत ठेवल्या. पुढं ढगांच्या गडगडाटालाही ती भ्यायली नाही. आजचे मानसोपचारतज्ज्ञ भीतीच्या गोष्टीची थोडी थोडी सवय लावतात, ती याच चालीनं, फक्त पेशंटच्या संमतीनं आणि बेताबेतानं.

सुईचं पारडं किती जड? छी किंवा तिच्या वाटा चिरफाडीत किंवा यंत्रात कुणाला सापडलेल्या नाहीत. जर्मनीत २००७ मध्ये कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्क्यांना फरक पडला, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. म्हणजे टोचण्यानं काहीतरी होतं, पण नेमक्या बिंदूचा फारसा संबंध दिसत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली ७५५ नैराश्यग्रस्तांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी ॲक्युपंक्चर आणि समुपदेशन दोन्ही नुसत्या नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले. त्या दोघांत ठळक फरक नव्हता. तिथं खोट्या सुयांचा गट मात्र नव्हता. अर्धा तास पडून राहणं, कुणीतरी आपलं सगळं ऐकून घेणं, यांचाही वाटा त्यात असणार. माझ्या मते जुन्या वैद्यांचं निरीक्षण खरं, कारणमीमांसा शंकास्पद.

ही पद्धत भारतात आली त्यातही आपल्याकडचा एक धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ते शस्त्रक्रिया करत. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते इथं रुजवलं. महाराष्ट्रानं त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. तेव्हा नांदेड असो की लातूर, सुया टोचून घेण्याआधी नोंदणी विचारावी, सुई सीलबंद पाकिटातून समोर काढायला लावावी आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सांगावं. छातीत धडधडत असेल तर आधी ईसीजी. आणि झोपच उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सुईची वाट न बघता १४४१६ लावावा. टेलिमानसची ही हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो.