बॉन ते पुणे : दारापासून दारापर्यंत

बॉनहून मुंबई किती लांब? पृथ्वीगोलावर दोरी ताणून मोजली तर सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे परिघाचा सहावा भाग. फ्रँकफर्टहून थेट विमानाने जाताना साधारण आठ तास. परतताना तासभर जास्त, कारण उंचावरचे पश्चिमी वारे तेव्हा समोरून येतात.

पण विमान काही आपल्या दारातून सुटत नाही. आधी ट्रामने झीगबुर्ग, तिथून २००२ साली सुरू झालेल्या वेगवान रेल्वेमार्गाने विमानतळ, मग रांगा. मुंबईत पुन्हा रांगा, बॅगा, शेवटी पुण्याची टॅक्सी. माझा आजवरचा सर्वांत कमी वेळ सोळा तास. त्यात तिथले घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन.

बाबा गेले तेव्हा दादाचा फोन इथल्या पहाटे पाचला आला. "थांबायचं का रे तुझ्यासाठी?" तिकीट शोधण्याआधी मी हाच हिशेब केला. दुपारचे विमान मिळाले तरी घरी पोहोचायला दुसरी पहाट. आणि पुण्यातला मे महिना.

"थांबू नका," म्हणालो.

पोहोचलो तेव्हा अस्थी आणलेल्या होत्या. तेव्हापासून पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड मी दाराजवळच्याच खणात ठेवतो.